जीव लावावा, पण वहीही उघडावी

भोसरी, चिंचवड किंवा चाकणच्या कुठल्याही छोट्या शेडमध्ये खंडेनवमीला जाऊन पाहा. फरशी धुतलेली असते, लेथला झेंडूचा हार असतो, व्हीएमसीच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि मालक घरच्या मंडळींसह यंत्रासमोर हात जोडून उभा असतो. मार्चअखेरीस याच यंत्राची किंमत घसारा वजा करून लिहावी लागते. पूजा खरी आणि घसाराही खरा. मोठ्या कंपनीत ही दोन कामं दोन वेगळी माणसं करतात. छोट्या उद्योगात ती एकाच माणसाला करावी लागतात आणि आपली खरी ओढाताण तिथेच होते.

मी गेली अठ्ठावीस वर्षं भोसरीत यंत्रभागांचं वर्कशॉप चालवतो, त्यामुळे जे सांगणार आहे ते शेडमधलंच आहे. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. मग मोठे वाहन कारखाने आले आणि त्यांच्या आधाराने सुटे भाग बनवणाऱ्या शेड वाढत गेल्या. यांतले कितीतरी मालक आधी कुणाच्या तरी शॉप फ्लोअरवर टर्नर, फिटर किंवा सेटर होते. हातात कला होती म्हणून त्यांनी नोकरी सोडली. नुसता हिशेब केला असता तर पगार, बोनस आणि कँटीन सोडून कुणी कर्जाच्या यंत्रामागे धावलं नसतं. तेव्हा वेडाला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. उद्योग सुरू होतो तो वेडानेच. तो टिकवायला मात्र आणखी काहीतरी लागतं.

आपल्याच आकुर्डीचं उदाहरण घ्या. 1972 मध्ये आलेली चेतक स्कूटर म्हणजे मध्यमवर्गाच्या घरातलं एक माणूसच होतं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणारी कुटुंबं आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. राहुल बजाज यांचं नाव त्या स्कूटरशी कायमचं जोडलं गेलं. पुढे गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळलं, 2001 मध्ये पल्सर आली आणि डिसेंबर 2009 मध्ये व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करून मोटारसायकलवरच भर देण्याचा निर्णय जाहीर केला. राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे बोलून दाखवलं. ते कंपनीचे अध्यक्ष होते, तरीही निर्णय कायम राहिला. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की वडिलांनी दुःख लपवलं नाही आणि मुलाने त्या दुःखाला जमाखर्चाच्या वहीत जागा दिली नाही.

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी 2020 मध्ये चेतक विजेवर धावणारी होऊन परत आली आणि जून 2022 मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना सुरू झाला. राहुल बजाज यांचं त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झालं होतं. काहीजण म्हणतील, बघा, शेवटी प्रेमच जिंकलं. मला तसं वाटत नाही. चेतक परतली ती बॅटरी आणि बाजार यांचं गणित बदलल्यावर. मात्र परतताना तिला नाव शोधावं लागलं नाही. जुन्या जिव्हाळ्याची पुण्याई तेवढी कामी आली.

आता प्रश्न असा, की आपल्या शेडमध्ये ‘नाही’ कोण म्हणणार? आपल्याकडे ना संचालक मंडळ, ना वेगळा हिशेब विभाग. सकाळी जॉब तपासणारा, दुपारी पेमेंटसाठी फोन करणारा आणि रात्री हप्त्याची चिंता करणारा माणूस एकच.

माझा एक जुना मित्र आहे. टूल रूममधला असा कारागीर पंचक्रोशीत मिळणार नाही. चाकणच्या बाजारात कांद्याची आवक पाहून त्याच्या मनात कांदा निवडण्याचं स्वतःचं यंत्र बनवायचं आलं. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम करून तो कंटाळला होता. आपल्या नावाचं काहीतरी असावं, ही भूक मी समजू शकतो. पहिलं यंत्र तयार झालं, चाललंही. मग पुढच्या यंत्रांसाठी राहतं घर तारण ठेवायचं त्याने ठरवलं. एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही त्याच्या घरी बसलो. तो यंत्राबद्दल तासभर बोलला. मग वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यंत्र चांगलंच आहे. पण ते विकत कोण घेणार आहे, त्यांची नावं मला लिहून द्या.”

त्या दिवशी तीन ओळी कागदावर उतरल्या. घर तारण ठेवायचं नाही. आणखी आठ लाख आणि अठरा महिने, यापलीकडे जायचं नाही. तेवढ्या काळात आगाऊ रक्कम देणारी पाच गिऱ्हाइकं मिळाली नाहीत, तर थांबायचं. अठरा महिने संपले तेव्हा दोन मिळाली होती. “अजून सहा महिने दे,” असं तो मला म्हणाला. मी कागद पुढे ठेवला. त्याने ती दोन यंत्रं पुरी करून दिली आणि काम थांबवलं. त्या रात्री तो जेवला नाही. पण त्या दिवाळीत त्याच्या अकराही कामगारांना बोनस मिळाला आणि घर घरच राहिलं. थांबण्याची अट त्याने मन शांत असताना लिहिली होती, म्हणूनच ती पाळता आली.

मालकाला स्वतःकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहता यावं, यासाठी काही साध्या सवयी उपयोगी पडतात. पहिली, स्वतःला पगार लावून घ्या. मालकाच्या फुकट श्रमावर दिसणारा नफा हा नफा नव्हे. दुसरी, प्रत्येक जॉबचा खर्च सेटिंगचा वेळ, रिजेक्शन आणि उधारीचं व्याज धरून काढा. जे काम सर्वांत आवडतं तेच कधीकधी सर्वांत तोट्यात असतं. तिसरी, जुन्या गिऱ्हाइकाशी जिव्हाळा ठेवा, पण त्याच्या थकबाकीची तारीख विसरू नका. 2006 च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. आपण भिडेपोटी बोलत नाही. आणि चौथी, एकाच गिऱ्हाइकावर सगळी शेड टांगू नका. तळेगावात 2008 मध्ये सुरू झालेल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातलं उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबलं. असे निर्णय दूरवर घेतले जातात, तिथे आपलं प्रेम पोहोचत नाही.

तरीही नुसत्या आकड्यांवर चालणारी शेड मला पाहवत नाही. 2020 च्या टाळेबंदीत यंत्रं बंद होती. त्या महिन्यांत अनेक मालकांनी स्वतःची बचत मोडून कामगारांच्या घरी धान्य पोहोचवलं. वही म्हणाली असती, हा खर्च टाळा. पण तीच माणसं नंतर कामावर परतली, आणि कुशल सेटर मिळणं किती अवघड असतं हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, काय करायचं आणि किती नीट करायचं हे मनाला ठरवू द्यावं. किती पैसे घालायचे आणि कधी थांबायचं हे मात्र वहीला विचारावं. तुमच्यापैकी कुणी नवं काही सुरू करत असेल, तर थांबण्याची अट आजच कागदावर लिहा, घरातल्या माणसाची त्यावर सही घ्या आणि तो कागद त्यांच्याकडेच ठेवायला द्या.