मुक्या जिवाची कळ

दात घासताना, तोंडावर पाणी मारताना, कधी वाऱ्याची झुळूक लागली तरी गालात विजेसारखी कळ उठते. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. दाढच दुखतेय असं समजून पुष्कळ जण आधी दातांच्या डॉक्टरांकडे जातात. फेफऱ्यावरचं कार्बामाझेपिन हे औषध 1960च्या दशकापासून यावर दिलं जातं. पण गुंगी येते, तोल जातो, काहींना ते सोसत नाही.

म्हणून नव्या औषधांचा शोध, आधी उंदरांवर. पण उंदीर ‘दुखतंय’ म्हणून सांगणार कसा? 1994 साली संशोधकांनी असंच दुखणं घडवायला उंदरांच्या डोळ्याखालून मिशांकडे जाणाऱ्या नसेभोवती सैलसर दोरे बांधले. ते उंदीर त्याच बाजूचं तोंड पुन्हा पुन्हा पुसू लागले. काही आठवड्यांनी बारीक तंतूचा स्पर्शही त्यांना सोसेना. हे वाचताना जीव कळवळतो.

अशाच उंदरांवरच्या 1999च्या प्रयोगात बॅक्लोफेन या औषधानं हा त्रास कमी झाला. मॉर्फिननं नाही, आणि आश्चर्य म्हणजे कार्बामाझेपिननंही नाही! मला हाच निकाल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उंदराचं दुखणं म्हणजे हुबेहूब रुग्णाचं दुखणं नव्हे, याची तो आठवण देतो. रुग्णाची नस बहुधा मेंदूपाशी रक्तवाहिनीनं दाबलेली असते; उंदराची मात्र चेहऱ्यात बांधलेली होती.