जावास्क्रिप्टपर्यंतचा रस्ता



नांदेडला श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ साली सुरू झाली, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. इथल्या वर्गांत मुलांचा हात बसतो तो सी, सी++ आणि जावावर. वेबच्या कामाला लागले की गाठ पडते ब्राउझरशी, आणि त्याला कित्येक वर्षे एकाच भाषेतला कोड चालत असे: जावास्क्रिप्ट.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. वेबपानांवरच्या किरकोळ कामांसाठी ती होती. पुढे अख्खी अ‍ॅप्लिकेशन्स ब्राउझरमध्ये आली, तेव्हा गूगलने २००६ साली वेब टूलकिट काढले. लिहायचे जावात, कंपायलरने त्याचे जावास्क्रिप्ट करून द्यायचे. मग जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होणाऱ्या अशा भाषांची रांगच लागली. २०११ मध्ये डार्ट आणि क्लोजरस्क्रिप्ट, २०१२ मध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांचे टाइपस्क्रिप्ट, २०१३ मध्ये स्विस विद्यापीठातून स्काला-जेएस.

हेही एक भाषांतरच. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी मोगल दरबारची फारसी बातमीपत्रे मराठीत आणत, तेव्हा अडलेल्या जागी टीप द्यायची सोय त्यांना होती. कंपायलरला ती नाही. मूळ भाषेत जे आहे आणि जावास्क्रिप्टमध्ये नाही, ते त्याला रचूनच द्यावे लागते.

जावातला लाँग हा ६४ बिटांचा पूर्णांक. जावास्क्रिप्टची साधी संख्या मात्र फ्लोटिंग पॉइंटची. तिच्यात ९००७१९९२५४७४०९९२ मध्ये एक मिळवा. उत्तर तेच येते! म्हणून वेब टूलकिटने लाँगचे तुकडे पाडून हिशेब चालवला. उत्तर बरोबर येई, वेग घटे. जावाचे थ्रेड तर त्याला आणताच आले नाहीत.

टाइपस्क्रिप्टची खोच वेगळी. कंपाइल होताना त्यातले सगळे टाइप पुसले जातात. विद्यार्थ्याचे गुण कोडमध्ये ‘संख्या’ म्हणून जाहीर केले, पण सर्व्हरकडून ९० हे मजकुराच्या रूपात आले, तर चालत्या प्रोग्राममध्ये कोणी हरकत घेत नाही. त्यात ५ मिळवले की निकालपत्रावर ९०५ उमटतात. तेव्हा वरची भाषा कोणतीही घ्या, खालची जावास्क्रिप्ट वाचता येणे टळत नाही. तयार झालेला कोड मूळ ओळींशी जोडणाऱ्या सोर्स मॅपमुळे एरर मूळ ओळीवर दिसते. ती का आली हे आपल्यालाच शोधावे लागते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम सी++ च्या बाजूने झाले. मोझिलामध्ये असताना अलोन झकाई यांनी एमस्क्रिप्टन हा कंपायलर घडवला. सी आणि सी++ मधले जुने, मुरलेले प्रोग्राम त्याने जावास्क्रिप्टमध्ये आणले. याच वाटेवर पुढे वेबअसेंब्ली, म्हणजे ब्राउझरला थेट चालणारा दुसरा कोड-प्रकार, उभी राहिली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला जागतिक वेब संघटनेची मान्यता मिळाली.

छापील मजकूर ओळखणारा टेसरॅक्ट हा असाच जुना प्रोग्राम. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८० च्या दशकात जन्मलेला, २००५ साली खुला झालेला. एमस्क्रिप्टनमुळे तो ‘टेसरॅक्ट-जेएस’ या रूपात ब्राउझरमध्ये चालतो. त्याला मराठी येते. सीमेवरच्या तेलुगू आणि कन्नडचेही डेटासंच आहेत. पुस्तकाच्या पानाचा फोटो सर्व्हरवर न पाठवता अक्षरे त्याच फोनवर ओळखली जातात. देगलूर वा उदगीरच्या ग्रंथालयाला महागडे यंत्र लागत नाही. मोडीतली हस्तलिखिते मात्र त्याच्या आवाक्यात नाहीत. फिकट छपाई, तुटलेली वेलांटी, चिकटलेली जोडाक्षरे इथेही तो अडखळतो.

या अडखळण्याची नीट नोंद घेणे हे विद्यार्थ्यांना पेलणारे काम आहे. म्हणून महाविद्यालयांना विनंती अशी: यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांपैकी एक तरी या कामाला द्या. गावच्या ग्रंथालयातले, कॉपीराइट संपलेले एक जुने मराठी पुस्तक घ्या, त्याची पाने ब्राउझरमध्येच ओळखून पाहा, चुका मराठीच्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या आणि दुरुस्त केलेला मजकूर, कोडसह, सर्वांसाठी खुला ठेवा.