इरावतीच्या काठची देवळे

ब्रह्मदेशात इरावती नावाची थोर नदी आहे. २०१८ साली आम्ही मंडालेहून बोटीने तिच्या ओघाबरोबर खाली निघालो. मंडाले म्हणजे लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ तुरुंगात ठेवले तेच गाव.

संध्याकाळी बागान आले. तिथे माळावर २,००० हून जास्त देवळे आणि स्तूप आहेत. बहुतेक आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे, भाजक्या विटांचे. धम्मयांजी देवळाच्या विटांच्या सांध्यात सुईसुद्धा शिरत नाही, असे लोक सांगतात. आम्ही नखाने चाचपून पाहिले. काम पक्के! आपल्या गवंड्यांनी बघावे असे.

नदीच्या अगदी कडेला भोपळ्यासारखा बुपया स्तूप आहे. १९७५ च्या भूकंपात तो ढासळून नदीत गेला. मग पुन्हा बांधला. नदी काठ खातेच आहे. जुन्या शहराचा बराच भाग तिने पोटात घेतला.

आम्हाला लागले ते मात्र दुसरेच. देवळांच्या शेजारी लोकांची घरे होती. १९९० साली सरकारने ती वस्ती उठवली आणि तीन-चार किलोमीटरवर नवे बागान वसवले. देवळे जपायलाच हवीत. पण त्यांच्या पायरीशी वाढलेल्या माणसांना का हलवावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गावाकडून दोन म्हाताऱ्या फुले घेऊन चालत येत होत्या.