अर्धी गोष्ट कुणी छापत नाही



व्यासपीठावरच्या मंडळींची नावं मी घेत नाही. सूत्रसंचालकांनी ती दोनदा घेतली आहेत. सत्कार उरकेपर्यंत कथावाचनासाठी नाव दिलेल्या दोन मुली गाडी पकडायला निघूनही गेल्या. त्यांच्या कथा आपण ऐकल्या नाहीत. शाली मात्र सगळ्यांच्या खांद्यावर पडल्या, आणि ज्यांच्या खांद्यावर पडल्या त्यांच्यात गेल्या वर्षभरात एक तरी नवी कथा पुरी केलेला माणूस मला दिसत नाही. कार्यकारिणीला राग येईल. येऊ द्या.

नवोदित कथाकाराने लिहितं कसं राहावं, हा आजचा विषय. सकाळपासून या माइकवरून तीन सल्ले ऐकले. भरपूर अनुभव घ्या. आतून येईपर्यंत वाट पाहा. रोज काहीतरी लिहा. तिन्ही सल्ले देणाऱ्याला सोयीचे आहेत, कारण ते दिले की देणाऱ्याला पुढे काही करावं लागत नाही.

इथल्या, अंबरनाथच्या कारखान्यांजवळच्या मोरिवलीत राहणाऱ्या मुलाला ‘अनुभव घे’ म्हणून सांगायचं? रात्री कुठल्यातरी कंपनीतून वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, बाया खिडक्या लावून पोरांच्या तोंडावर ओलं फडकं धरतात आणि सकाळी फर्स्ट शिफ्टवाला त्याच फाटकातून आत जातो. एक स्टेशन पलीकडे उल्हासनगर. लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित माणसं भरली आणि 1949 साली त्या छावणीला गावाचं नाव मिळालं. आज तिथल्या गल्ल्यांत जीन्स शिवल्या जातात. इकडे अंबरनाथात शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख असलेलं शिवमंदिर, आणि त्याच्याच कडेने कारखान्यांचं सांडपाणी घेऊन वाहणारी वालधुनी नदी. विम्को कंपनीच्या काडेपेटीवर एका पिढीची घरं चालली. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत सगळ्या हिंदुस्थानातून माणसं येऊन राहिली. अनुभव कमी पडतोय तो कुणाला? यातल्या कशावर मराठीत चांगली कथा आहे, असं मी तुम्हाला विचारलं तर या सभागृहात शांतता पसरेल.

वाट पाहणाऱ्यांचे दोन आवडते दाखले आहेत. एक दिवाकर कृष्ण. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हे पुस्तक 1927 साली आलं आणि एवढ्याशा लेखनावर त्यांचं नाव मराठी कथेच्या इतिहासात पक्कं झालं. दुसरे प्रकाश नारायण संत. कराडला भूगर्भशास्त्र शिकवणारा हा माणूस साठच्या दशकात लिहू लागला, मग मोठं मौन, आणि ‘वनवास’ पुस्तकरूपाने आलं ते 1994 मध्ये. आमचे वाट पाहणारे या दोघांच्या सावलीत निवांत बसलेत. अरे, पण त्यांनी कमी लिहिलं तरी जे वाचकांपुढे ठेवलं ते पुरं केलेलं होतं. तुमच्या वहीत नऊ सुरुवाती आहेत आणि शेवट एकाचाही नाही. याला मौन म्हणत नाहीत.

आता ‘रोज लिहा’. सल्ला चांगला आहे, पण त्याचं आपण काय केलंय ते बघा. व्हॉट्सॲपवर समूह काढलेत. सकाळी विषय यायचा, संध्याकाळपर्यंत शंभर शब्दांची कथा टाकायची, खाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, जोडलेल्या हातांची चिन्हं आणि महिन्याच्या शेवटी रंगीत प्रमाणपत्र. लिहिणाऱ्याला वाटतं आपण जोरात आहोत. मी आयुष्य रसायनांच्या कारखान्यात काढलं. रिअॅक्टरमध्ये अर्धी राहिलेली बॅच कितीही वाफा सोडो, पिंपात भरून विकता येत नाही. एका गोष्टीशी महिनाभर झटायची सवय या रोजच्या टाळ्यांनी मोडते. सुरुवात करणं सुखाचं असतं. मधल्या पानावर पात्र अडून बसतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही, तिथे लेखक घडतो. आणि नेमकं तिथेच आमच्या पोराला दुसऱ्या दिवशीचा विषय आलेला असतो.

आणखी एक लबाडी आहे, ती मला जास्त चीड आणते. कुणी म्हणालं की घरात बसायला जागा नाही, ओव्हरटाइम करून पाठ मोडते, की लगेच कुणीतरी उठतो आणि म्हणतो, अण्णा भाऊ साठ्यांनी झोपडीत लिहिलं! हो, घाटकोपरच्या चिरागनगरात लिहिलं. 1959 साली ‘फकिरा’ कादंबरी दिली, कथासंग्रह दिले, शाहिरी केली. आणि पन्नाशीही न गाठता 1969 मध्ये हलाखीत गेले. त्यांच्या गरिबीचा चाबूक करून तरुणांच्या पाठीवर ओढायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? त्यांना बरं टेबल आणि नीट पैसे मिळाले असते तर आणखी काय काय लिहून झालं असतं, हा प्रश्न मराठी समाजाने स्वतःला विचारायचा आहे.

तरीही नोकरी आणि कथा यांचं हाडवैर आहे असं मी मानत नाही. मराठी कथेचा मोठा भाग नोकरदारांनी लिहिला. बाबुराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पात वाढले, रेल्वेत नोकरी केली आणि 1963 साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह घेऊन आले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, ऊर्मिला पवार सरकारी कचेरीत, आसाराम लोमटे परभणीत पत्रकारितेत. मोकळा वेळ यांतल्या कुणाला आयता मिळाला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्यातल्या अनेकांना एक गोष्ट मिळाली जी आजच्या मुलांना मिळत नाही: गोष्ट मागणारा आणि ती पेन्सिल हातात घेऊन वाचणारा संपादक. ‘सत्यकथा’ मासिकाच्या राम पटवर्धनांची ख्याती त्यासाठीच होती. हस्तलिखित परत यायचं, पण वाचून, काय बिघडलंय ते सांगून यायचं. लेखक चरफडत पुन्हा बसायचा.

मी ‘सत्यकथे’च्या आरत्या ओवाळत नाही. 1969 साली तरुणांनी त्या मासिकाची होळी केली आणि त्यांची तक्रार खोटी नव्हती. त्या दारातून कोण आत जाणार हे ठरवणारे हात मोजके होते. 1982 मध्ये ते मासिक बंद पडलं. दरवानाबरोबर वाचणाराही गेला, आणि त्याच्या जागी आपण कुणाला बसवलं नाही.

कथा छापायला आपल्याकडे उरलाय दिवाळी अंक. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचा हा आपला अभिमान. पण कथाकाराला आज तो कसा भेटतो? पावसाळ्यात फोन येतो, गणपतीच्या आत कथा द्या. कथा जाते. पोच नाही, शंका नाही, दुरुस्ती नाही. छापून आली तर मानधन म्हणून अंकाची प्रत, तीही आपण जाऊन आणायची. मग माणूस वर्षातून एकदा, घाईने, लिहितो. त्याला आळशी म्हणायचं की आपण त्याला तसं घडवलं म्हणायचं?

मागे बसलेल्या मुलांसाठी थोडं. एका वेळी एकच गोष्ट हातात घ्या. ती लिहून होईपर्यंत मित्राला सांगू नका. सांगून झाली की लिहायची भूक मरते. शेवट वाईट का होईना, लिहून टाका, मग मागे या. पहिलं पान बहुधा कापावं लागतं. अंबरनाथहून सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, तो तास मोबाइलला देऊ नका. नाइट शिफ्टला असाल तर सुटल्यावर लगेच लिहायला बसू नका, झोपा. पेंगत लिहिलेलं दुसऱ्या दिवशी फाडावं लागतं. आणि इथे आलेल्या नवरेमंडळींना माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्या बायका लिहितात याचा तुम्हाला फार अभिमान आहे, आत्ताच एकाने तसं भाषण केलं. अभिमान राहू द्या, रविवारी सकाळचा स्वयंपाक करा.

ना. सी. फडक्यांनी 1931 साली ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचं तंत्र शिकवता येतं असं म्हटलं, त्याची थट्टा करण्यात आपल्या काही पिढ्या गेल्या. फडक्यांचं सगळं मला पटत नाही. पण शिकवणाऱ्याला हसून आपण शिकवणंच बंद केलं, हा तोटा नव्यांनी सोसला.

म्हणून मी ठराव मांडतो. आपल्या संस्थेने वार्षिक कथास्पर्धा आणि सत्कार यांवरचा खर्च थांबवावा. त्या पैशांतून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक टेबल मांडावं. त्यावर फक्त पुरी झालेली कथा येईल. प्रत आठवडाभर आधी सगळ्यांना मिळेल. ‘छान’ हा शब्द तिथे चालणार नाही. कुठल्या वाक्यावर अडलो ते सांगावं लागेल. उल्हासनगरच्या सिंधी लेखकांना बोलवा. इतकी वर्षं शेजारी राहून आपण त्यांना त्यांची गोष्ट विचारलेली नाही. संस्थेच्या अंकाकडे आलेल्या कथेला पंधरा दिवसांत पोच आणि छापलेल्या कथेला रोख मानधन. परवडत नसेल तर अंक पातळ काढा, मुखपृष्ठावरचं रंगीत छायाचित्र काढून टाका.

आभारप्रदर्शन आत्ता नको. आधी यावर मत घ्या. चिटणीस मान हलवताहेत, ती होकाराची नाही हे मला दिसतंय. त्यांनी माइकवर यावं आणि विरोधात बोलावं. मी शेवटच्या गाडीपर्यंत थांबणार आहे.