पंपाला घाबरायचं कशाला?



लहान मुलाचा दमा बरेचदा रात्रीच उचल खातो. दिवसभर हुंदडलेलं पोर पहाटे तीनच्या सुमाराला खोकत उठतं, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. त्या वेळी दवाखाना बंद असतो. जवळ असतात आई आणि आजी. त्या दोघींना काय ठाऊक आहे, यावर सगळं ठरतं. म्हणून दम्याची माहिती त्यांना द्यायची, आणि त्या जिथे नेहमी येतात तिथे द्यायची. वस्तीत आणि पाड्यावर ते ठिकाण म्हणजे अंगणवाडी.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं, हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा विचार. बोर्डीला १९४५ साली त्यांनी काम सुरू केलं, आणि १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या देशभर पोचल्या. तिथे वजन होतं, लसीकरण होतं, खिचडी मिळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे, आणि शोधायच्या आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वसनविकारही आहे. पण दोन तपासण्यांच्या मध्ये सहा महिने जातात. पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं त्यातच येतं.

या मधल्या काळात मूल आजारी पडतं ते दम्यानं, आणि राहतं ते पंपाच्या भीतीनं. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', आणि मुलगी असेल तर 'उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?' त्यापेक्षा औषधाची बाटली बरी वाटते. आता हिशेब पाहा. धाप लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम औषध निघतं. त्याच औषधाच्या पातळ सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, २ मिलिग्रॅम असतं, म्हणजे वीसपट. ते पोटातून, रक्तातून फिरून फुफ्फुसात पोचतं, वाटेत हात थरथरवतं, छाती धडधडवतं. 'जोरदार' औषध कुठलं, हे तुम्हीच ठरवा. दुसरा पंप असतो तो रोजचा, श्वासनळीची सूज उतरवणारा. त्यानं लगेच बरं वाटत नाही, म्हणून घरोघरी तोच आधी बंद होतो.

लहान मुलाला पंप थेट तोंडात धरून जमत नाही. मध्ये स्पेसर, म्हणजे पोकळ नळकांडं, आणि तोंडानाकावर मास्क लागतो. विकतचा स्पेसर नसला म्हणून अडत नाही. केप टाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून, त्यात पंप घट्ट बसवून मुलांवर चाचणी केली; ती १९९९ साली प्रसिद्ध झाली, आणि बाटलीनं विकतच्या स्पेसरइतकंच काम केलं. खरी अडचण मुलाच्या रडण्याची. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी उतरतं. तोच मास्क अंगणवाडीत बाहुलीला लावून, एकमेकांना लावून खेळला गेला, तर रात्री तो परका वाटत नाही. शिक्षण म्हणतात ते यालाच. भिंतीवर तक्ता लावल्यानं हे होत नाही.

धुराचं मात्र जपून बोलावं लागतं. बाळाला आंघोळीनंतर धुरी देणं ही आजीची माया असते, तिला 'अडाणी' म्हटलं की ती पुन्हा ऐकणार नाही. पण चूल, धुरी, बिडी आणि बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइल यांची बेरीज त्याच छातीत होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. मच्छरदाणी लावा, एवढं साधं सांगणं पुष्कळ आहे.

गरीब घरांतल्या मुलांसाठी अमेरिकेत १९६५ पासून 'हेड स्टार्ट' बालवर्ग आहेत. बाल्टिमोरमध्ये तिथे दम्याचं शिक्षण दिलं गेलं. नुसतं बालवर्गात शिकवण्यापेक्षा जोडीला घरी जाऊन शिकवलं, तेव्हा मुलांचा दमा जास्त आटोक्यात राहिला. आपल्याकडे अंगणवाडीताईंच्या गृहभेटी आहेतच. पण त्या ताईंच्या डोक्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत, हे विसरून चालणार नाही. मानधनावर राबणाऱ्या बाईला आणखी एक काम द्यायचं, तर एक काढून घ्यायला हवं.

आणि तिनं निदान करायचं नाही. पाच वर्षांखालच्या प्रत्येक घरघरीला दमा म्हणता येत नाही. पुष्कळांची घरघर पुढे आपोआप थांबते. तिनं एवढंच पाहायचं: कुठलं मूल खेळताना मध्येच बसतं, कोणाचा खोकला रात्री वाढतो, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप घरी खरंच वापरला जातो का. मुलाला बोलता येईना, पाणी पिता येईना, ओठ निळे पडले, तर आईनं कोणाला न विचारता १०८ ला फोन करायचा, हे मात्र तिनं पाठ करून घ्यायचं. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही पंप बारा महिने हवेत. ताईनं समजावून पाठवलेली आई तिथून रिकाम्या हातानं परतली, तर पुढच्या वेळी ती पुन्हा सिरपची बाटलीच घेऊन घरी जाईल.