उपचार संपल्यानंतर
(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेले भाषण)



कॅन्सर म्हटला की आपल्या मनात मरणाचाच विचार येतो. लहान मुलांच्या बाबतीत हा विचार आता सोडून दिला पाहिजे. मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कॅन्सर वेळेवर व पुरा उपचार मिळाल्यास कितीतरी मुलांत कायमचा बरा होतो. म्हणून आज मी रोगाविषयी न बोलता, बरे होऊन घरी परतलेल्या मुलांविषयी बोलणार आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९१ साली अशा मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू केला. रोग गेला, मग तपासणी कशाला, असे पालक विचारतात. ज्या औषधांनी जीव वाचतो, त्यांपैकी काहींचा परिणाम पुष्कळ वर्षांनी दिसू शकतो. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदय दुबळे होऊ शकते. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येऊ शकते. डोक्याला किरण दिलेल्या मुलाची स्मरणशक्ती मंदावू शकते, उंची खुंटू शकते. सर्वांनाच हे होते असे नाही. पण कोणाला होईल, हे तपासल्याखेरीज कळत नाही.

गुरुजनांना माझी विनंती आहे. हा रोग संसर्गजन्य नाही. त्या मुलाला इतरांबरोबर डबा खाऊ द्या. ऐकू कमी येत असेल तर पुढच्या बाकावर बसवा. एक डोळा गेला असेल तर शाबूत डोळ्याला फळा नीट दिसेल अशी जागा द्या. पाठांतराला वेळ लागला तर त्याला मठ्ठ म्हणू नका, थोडा जादा वेळ द्या.

आता पालकांसाठी दोन शब्द. मुलगी बरी झाली की पुष्कळ घरांत तिचा आजार लपविला जातो. स्थळ येणार नाही, ही भीती असते. रुग्णालयाची फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते, क्वचित जाळलीही जाते. पुढे लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो, आणि समोरच्या डॉक्टरांना जुन्या औषधांची कल्पनाच नसते. अब्रूसाठी लपविलेली गोष्ट अशी जिवावर बेतू शकते. खरे पाहता, बऱ्या झालेल्या कितीतरी मुली सुखरूप माता होतात. फक्त हृदयाची तपासणी वेळेवर व्हावी लागते. निकाह हा करार आहे, आणि कराराचा पाया सचोटी हाच असतो.

तवक्कुल म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. ती फाईल जपून ठेवा, तिची एक प्रत मुलाच्या हाती द्या, आणि वयात आल्यावर त्याला सारे समजावून सांगा. संस्थेनेही आजारामुळे वर्ष बुडालेल्या मुलाची वर्गातील जागा राखून ठेवावी. रुग्णालयाने वाचविलेल्या मुलाला पुन्हा माणसांत आणणे, हे काम शाळेचे आणि समाजाचे आहे.

खुदा हाफिज.