पाण्याखालची माणसं

आमच्या पिंपळगाव राजाहून समुद्र फार लांब. लहानपणी तलावावर टिबुकली पाहायचो. इथे बुडायची आणि भलतीकडेच वर यायची. तिला कुणी पाणबुडीही म्हणे.

चीनने हैनान बेटावर, सान्या शहराजवळ, अणुपाणबुड्यांचा तळ उभारला आहे. डोंगर पोखरून समुद्रात उघडणारा बोगदा केला. २००८ साली उपग्रहाच्या छायाचित्रांमुळे तो जगापुढे आला. डिझेलच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी हवा घ्यायला वर यावंच लागतं. अणुऊर्जेवरची महिनोन् महिने खाली राहते. बोगद्यातून निघून खोल पाण्यात शिरली, की उपग्रहालाही सापडत नाही. तळाचं महत्त्व यातच आहे.

२०१४ साली डिझेलवरची एक चिनी पाणबुडी थेट कोलंबो बंदरात आली. आपणही स्वस्थ नाही. ‘अरिहंत’ ही आपली अणुपाणबुडी विशाखापट्टणमला बांधली गेली. माझगाव डॉकने कलवरी वर्गातल्या सहा डिझेल पाणबुड्या बांधल्या. सहावी ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली.

पण एक तारीख विसरू नका : १४ ऑगस्ट २०१३. मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोटांनी बुडाली, अठरा नौसैनिक गेले. शत्रूची गोळी नव्हती, युद्धही नव्हतं. टिबुकली वर येतेच. माणसाचं तसं नसतं. पाणबुड्या मोजताना आतली माणसंही मोजावीत.